हलका कॅमेरा : मेळघाटच्या वाटेवरील सोबती

गेल्या हिवाळ्यांत आमच्या वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी एक प्रश्न घेऊन आमच्याकडे आला. तो गुरुकुंज मोझरीनजीकच्या एका खेड्याचा. त्याच्या वडिलांनीं कपाशी विकून आलेल्या पैशांतून थोडी रक्कम बाजूस काढून त्याच्या हातांत दिली होती व देतांना बजावलें होतें, "घ्याचं त इचार करून घे बाप्पा, दुसऱ्या खेपेले पैसे नाई भेटत." मुलास मेळघाट पाहावयाचा होता, देशांत फिरावयाचें होतें आणि पशुपक्ष्यांचीं छायाचित्रें काढावयाचीं होतीं. "तर गुरुजी, कॅमेरा कोणता घ्यावा?" एवढाच त्याचा प्रश्न. त्यास जें उत्तर आम्हीं दिलें, तेंच येथें जरा विस्तारानें लिहीत आहों. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाहीं, आणि चुकीच्या उत्तराची किंमत वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या घरीं एका हंगामाएवढी असूं शकते.

प्रथम आमची स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही चिखलदरा व सेमाडोह या बाजूस गेलों होतों. एका स्नेह्याकडून मोठा कॅमेरा, त्याचें हातभर लांब भिंग आणि भक्कम तिपाई अशी सामग्री मागून आणली होती. पहिल्या दिवशीं ती मोठ्या हौसेनें खांद्यावर मिरविली. दुसऱ्या दिवशीं चढावर खांदा भरून आला. तिसऱ्या दिवशीं पेटी गाडींतच ठेवून आम्ही सिपना नदीच्या कांठीं मोकळ्या हातांनीं फिरावयास गेलों, आणि नेमका त्याच वेळीं उंबराच्या झाडावर हरियलांचा थवा उतरला. हरियल हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. हिरव्या पानांत हिरवे पक्षी, आणि त्यांवर सकाळचें कोंवळें ऊन! गाडीपर्यंत धांवत जाऊन परत येईतों झाड मोकळें झालें होतें. आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांजवळ मुठींत मावेल असा साधा कॅमेरा होता. त्यांच्या चित्रांत पक्षी लहान आले, पण आले. आमच्या उत्तम यंत्रानें एकही चित्र काढलें नाहीं. जो कॅमेरा वेळेवर हाताशीं नसतो, तो कितीही मोलाचा असला तरी निरुपयोगीच, हा धडा आम्हीं त्या दिवशीं घेतला.

हलकेपणाची ही गरज आजची नव्हे. जर्मनींतील वेट्झलार या गांवीं लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत ओस्कार बार्नाक नांवाचा एक कुशल कारागीर होता. त्यास रानांत भटकण्याची व छायाचित्रें काढण्याची आवड होती, परंतु प्रकृति दम्याची. त्या काळीं कॅमेरा म्हणजे जड पेटी, कांचेच्या तबकड्या व तिपाई असा मोठा संसार असे. तो वाहून नेणें बार्नाकला झेपेना. तेव्हां चित्रपटासाठीं वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेऊन, तीवर २४ बाय ३६ मिलिमीटरचें लहान चित्र घेणारा खिशांत मावेलसा कॅमेरा त्यानें घडविला. लहान चित्र घ्यावें व मागाहून मोठें करावें, ही त्यामागील युक्ति. १९२५ सालीं 'लायका' या नांवानें तो विक्रीस आला, आणि २४ बाय ३६ हें माप आज फिल्म मागें पडल्यावरही प्रमाण मानलें जातें. एका आजारी माणसाच्या अडचणींतून सगळ्या जगाची सोय झाली, ती अशी.

त्यानंतर अर्धशतकानें, १९७५ सालीं, अमेरिकेंतील कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें फिल्मशिवाय चित्र घेणारा पहिला अंकीय कॅमेरा तयार केला. त्याचें वजन सुमारें साडेतीन किलो होतें, आणि एक चित्र फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज तेंच काम तोळामासा वजनाची चकती क्षणार्धांत करते. मग प्रश्न असा कीं, विद्येनें एवढी मजल मारल्यावरही वन्यपशूंचीं चित्रें काढणारांच्या खांद्यावर तीन तीन किलोंचीं भिंगें कां दिसतात? याचें उत्तर प्रकाशशास्त्रांत आहे, आणि तें समजल्यावांचून दुकानांत पाऊल टाकूं नये.

भिंगाच्या मागें चित्र किती मोठें उमटेल, तें साध्या त्रैराशिकानें काढतां येतें. वस्तूच्या उंचीस भिंगाच्या नाभीय अंतरानें गुणावें व वस्तु जितकी दूर असेल त्या अंतरानें भागावें. मेळघाटांतील रानपिंगळा सुमारें २३ सेंटिमीटर उंचीचा. तो आपल्यापासून २० मीटर दूर बसला आहे असें धरूं. हातांतील भ्रमणध्वनीच्या मुख्य भिंगाचें खरें नाभीय अंतर सुमारें ६ मिलिमीटर असतें. त्याच्यामागें पिंगळ्याची प्रतिमा उमटेल ती ०·०७ मिलिमीटर, म्हणजे केवळ एक ठिपका. ४०० मिलिमीटरच्या भिंगामागें तीच प्रतिमा ४·६ मिलिमीटर होईल. म्हणून दूरच्या पक्ष्यास लांब भिंग लागतें. त्यास दुसरा इलाज नाहीं.

आतां ही प्रतिमा ज्यावर पडते त्या पटाकडे, म्हणजे सेन्सरकडे पाहूं. बार्नाकच्या मापाचा पूर्ण सेन्सर २४ मिलिमीटर उंच असतो. त्यावर आपला पिंगळा उंचीचा पंचमांशही व्यापणार नाहीं. 'मायक्रो फोर थर्ड्स' या नांवानें ओळखला जाणारा लहान सेन्सर १७·३ बाय १३ मिलिमीटरचा आहे. त्यावर तोच पिंगळा उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग भरून काढील. म्हणजे लहान सेन्सरावर ३०० मिलिमीटरचें भिंग जें दृश्य देतें, तेंच पूर्ण सेन्सरावर हवें असल्यास ६०० मिलिमीटरचें भिंग लागेल. हलकेपणाचें सारें रहस्य या एका वाक्यांत आहे.

कारण भिंगाचें वजन ठरतें तें मुख्यतः त्याच्या तोंडाच्या रुंदीवरून. नाभीय अंतरास छिद्राच्या आंकड्यानें भागिलें कीं ही रुंदी मिळते. छिद्राचा आंकडा ४ धरला, तर ३०० मिलिमीटरच्या भिंगाचें तोंड ७५ मिलिमीटर रुंद हवें, आणि ६०० मिलिमीटरच्या भिंगाचें १५० मिलिमीटर. रुंदी दुप्पट झाली कीं कांचेचें क्षेत्र चौपट होतें, आणि जाडी वाढल्यामुळें वजन त्याहूनही वाढूं पाहतें. प्रत्यक्ष उदाहरण घ्या. ऑलिंपसचें ३०० मिलिमीटरचें, ४ आंकड्याचें भिंग सुमारें १२७० ग्रॅम वजनाचें आहे. कॅननचें ६०० मिलिमीटरचें, त्याच आंकड्याचें भिंग, निर्मात्यांनीं शिकस्त करून हलकें केलें, तरी ३ किलोंच्या वरच राहिलें.

परंतु निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. लहान सेन्सर चित्र मोठें करीत नाहीं. तो फक्त कडा छाटून मधला भाग देतो. शिवाय त्याचें क्षेत्र पूर्ण सेन्सरच्या चवथ्या हिश्शाएवढें असल्यामुळें त्यावर एकंदर प्रकाशही तितकाच कमी पडतो. भर उन्हांत हा फरक जाणवत नाहीं. पण वाघ, अस्वल, रानकुत्रीं हीं बहुधा सूर्य उगवतांना किंवा मावळतांना हिंडतात. अशा मंद प्रकाशांत लहान सेन्सरच्या चित्रांत वाळूसारखे दाणे दिसूं लागतात. तेव्हां निवड करावयाची ती चांगल्या व वाईटामध्यें नव्हे. खांद्यावरील भार आणि संध्याकाळचा प्रकाश यांमध्यें करावयाची असते.

हें ध्यानांत ठेवून बाजारांतील कॅमेऱ्यांचे ढोबळ वर्ग पाहूं. पहिला वर्ग भ्रमणध्वनीचा. देवळें, किल्ले, नरनाळ्याचा दरवाजा, सहलीचे सोबती यांसाठीं तो पुरेसा आहे. दूरच्या पक्ष्यासाठीं नाहीं, हें वर दाखविलेंच. दुसरा वर्ग, भिंग न बदलतां येणाऱ्या पण दूरचें जवळ आणणाऱ्या कॅमेऱ्यांचा. सोनीचा २०१७ सालचा आर-एक्स-दहाचा चवथा अवतार सुमारें १·१ किलोंचा असून पूर्ण सेन्सरच्या हिशेबानें २४ पासून ६०० मिलिमीटरपर्यंतचें दृश्य देतो. प्रवासांत धुळींत भिंग बदलण्याची कटकट नाहीं, हा त्याचा मोठा गुण. निकॉनचा २०१८ सालचा पी-एक हजार तर ३००० मिलिमीटरचें दृश्य देतो. चंद्रावरील विवरें त्यांत स्पष्ट दिसतात. परंतु त्याचा सेन्सर अगदीं चिमुकला, व वजन १·४ किलो. या आंकड्याचा मोह आवरावा. त्याचें कारण पुढें येईल.

तिसरा वर्ग, भिंग बदलतां येणाऱ्या पण आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा. जुन्या कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेलें दृश्य आरशावरून डोळ्याकडे वळविलें जाई. २००८ सालीं पॅनासॉनिकनें मायक्रो फोर थर्ड्सचा पहिला आरसाविरहित कॅमेरा विक्रीस काढला, आणि तेव्हांपासून आरसा, त्याची खोबण व त्याचें वजन हीं हळूहळू गळून पडलीं. ऑलिंपसचें ७५ ते ३०० मिलिमीटरचें साधें भिंग अवघें ४२३ ग्रॅमचें आहे. लहानसा कॅमेरा जोडला तरी सारा संच किलोभराच्या आंत राहतो. त्याहून किंचित् मोठ्या सेन्सरचे कॅमेरे, ज्यांस एपीएस-सी म्हणतात, तेही विचार करण्याजोगे आहेत. कॅननचा आर-दहा हा कॅमेरा ४२९ ग्रॅमचा व त्यास लागणारें १०० ते ४०० मिलिमीटरचें भिंग ६३५ ग्रॅमचें; दोन्ही मिळून किलोहून थोडेंसेंच अधिक. उणीव इतकीच कीं या भिंगाचें छिद्र लांबच्या टोकास ८ आंकड्याचें, म्हणजे अरुंद आहे. सूर्यास्तानंतर तें लवकर हात टेकतें.

चवथा वर्ग पूर्ण सेन्सरचा. येथेंही हलकेपणाचे प्रयत्न झाले आहेत. दीपगृहांसाठीं फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत पायऱ्यापायऱ्यांचें पातळ भिंग शोधून काढलें होतें. त्याच तत्त्वाची जोड देऊन निकॉननें २०१५ सालीं ३०० मिलिमीटरचें भिंग ७५५ ग्रॅममध्यें बसविलें. त्या कंपनीचें पूर्वीचें तशाच मापाचें भिंग १४४० ग्रॅमचें होतें. मात्र प्रखर दिवा किंवा सूर्य चौकटींत आला, तर अशा भिंगांत प्रकाशाचीं कडीं उमटण्याचा संभव असतो. ज्यास दोन पैसे अधिक खर्चतां येतील त्यानें हा मार्ग पाहावा. कॅमेऱ्यांचीं नांवें दरसाल बदलतील. वजन, छिद्र व सेन्सर यांचें गणित बदलणार नाहीं.

आणखी दोन गोष्टींचा विचार हवा. एक हाताचा कंप व दुसरी आवाज. लांब भिंगांत हाताचा अल्पसा कंपही मोठा होऊन दिसतो. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत वा भिंगांत कंप शमविण्याची योजना असते, आणि हलक्या संचास ती मोठाच आधार आहे. पण ती आपला हात स्थिर करते, हरणाचे पाय नव्हे! उडत्या पक्ष्यासाठीं सेकंदाचा हजारावा किंवा दोन हजारावा भागच हवा. आवाजाविषयीं म्हणाल, तर गुरुकुंजास पुण्यतिथीच्या वेळीं जे गेले असतील त्यांस आमचें म्हणणें चटकन् पटेल. अफाट जनसमुदाय मौन श्रद्धांजलीसाठीं एका क्षणीं स्तब्ध होतो. त्या शांततेंत एखाद्या कॅमेऱ्याची 'खट्' सुद्धां केवढी कठोर वाटते! रानांतील शांतता तशीच. आरसाविरहित कॅमेऱ्यांतील निःशब्द झडप ही म्हणूनच मोठी सोय होय. मात्र ती वापरतांना सेन्सर वरून खालीं ओळीओळीनें चित्र वाचतो, त्यामुळें वेगानें फडफडणारे पंख कित्येक कॅमेऱ्यांत वांकडे उमटतात. बसल्या पक्ष्यास निःशब्द, उडत्यास यांत्रिक झडप, असा नियम ठेवावा.

आतां आपल्या वऱ्हाडाच्या हवेचा विचार. उन्हाळ्यांत पाणवठ्यावर जनावरें सहज दिसतात, म्हणून पुष्कळ लोक त्याच दिवसांत जातात. परंतु तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा दृश्यास लाटा आणते. दूरच्या टेकडीवरील रानगवा त्या लाटांतून पाहिल्यास, भिंग लाखाचें असो वा हजाराचें, चित्र विरघळल्यासारखेंच येईल. ३००० मिलिमीटरचा मोह नको म्हटलें तें यासाठींच. दूरचें ओढून आणण्यापेक्षां सकाळीं लवकर निघावें व जनावर स्वतः जवळ येईपर्यंत थांबावें. धुळीसाठीं जाड कापडाची पिशवी व मऊ कुंचली, आणि आरसाविरहित कॅमेरा वीज फार खातो म्हणून एक जास्तीची बॅटरी, एवढें जवळ असावें. तिपाईऐवजीं जुन्या धोतराची पिशवी शिवून तींत सरकी किंवा ज्वारी भरावी. जिप्सीच्या कठड्यावर ती ठेवून तींत भिंग रोवलें कीं हात निश्चल होतो. पावसाळ्यांत भिंगास बुरशी लागते. जुनें भिंग विकत घेतांना तें उजेडाकडे धरून आंत जाळें दिसतें का, हें अवश्य पाहावें.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं एक परीक्षाही सांगितली. जो संच मनांत असेल त्याच्या वजनाइतकी ज्वारी तोलून थैलींत भरावी, थैली गळ्यांत अडकवावी आणि मोझरीच्या दासटेकडीवर चढून उतरून यावें. मग ती थैली दोन्ही हातांनीं डोळ्यांसमोर धरून मनांत शंभर आंकडे मोजावे. पहिल्यानें तो तीन किलोंची थैली घेऊन गेला व मध्येंच ओट्यावर बसला. दुसऱ्या दिवशीं सव्वा किलोची घेऊन गेला व हंसत परत आला. कोणत्याही दुकानदारापेक्षां ज्वारीनें त्यास अधिक खरा सल्ला दिला.

परंतु चित्र काढावयाचें कशासाठीं? आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. वर ज्याचें उदाहरण घेतलें त्या रानपिंगळ्याचीच कथा ऐका. या पक्ष्याचें शास्त्रीय वर्णन १८७३ सालीं ह्यूम यांनीं केलें. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कोणास मिळाला नाहीं. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज सैन्याधिकाऱ्यानें १९१४ सालीं आपण एक मिळविल्याचें सांगितलें होतें; पण पामेला रासमुसेन या विदुषीनें बारकाईनें तपासलें तेव्हां तें जुन्याच नमुन्याची चोरी करून नवी चिठ्ठी लावलेलें कुभांड ठरलें. खोटी चिठ्ठी बाजूस सारून त्या व त्यांचे सहकारी खऱ्या जागा शोधूं लागले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें सातपुड्याच्या पायथ्याशीं शहाद्याजवळ हा पक्षी त्यांस प्रत्यक्ष दिसला. ११३ वर्षांनीं! या वेळीं त्यास मारावें लागलें नाहीं. छायाचित्रें व चलच्चित्र हाच पुरावा झाला. पुढें मेळघाटांतही रानपिंगळे आढळले, आणि आज मेळघाट हें त्यांचें एक मोठें आश्रयस्थान आहे. कॅमेऱ्यानें बंदुकीची जागा घेतली, ती अशी.

वाघाचेंही तेंच. वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं १९२०च्या दशकांत शिवालिकच्या रानांत वाटेवर तार बांधून, वाघाचा पाय लागतांच त्याचें चित्र निघेल अशी योजना केली व १९२७ सालीं आपला चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. त्याच आधारावर आज व्याघ्रप्रकल्पांत झाडांना बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनीं गणना होते, आणि २०१८ची भारतीय गणना २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावून झाली. मेळघाट हा १९७३-७४ सालच्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक, हें आपल्या जिल्ह्याचें भूषण होय.

यावरून छायाचित्रकाराचें कर्तव्य आपोआप निघतें. चित्राखालीं खरी तारीख व खरें निरीक्षण लिहावें. घरट्याजवळ जाऊं नये, ध्वनिमुद्रित हांक वाजवून पक्ष्यास फसवूं नये, गाडीतून उतरूं नये, आणि अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यास धरून, प्रवेशद्वारावरील नियम विचारूनच यंत्र बाहेर काढावें. भ्रमणध्वनि चित्राबरोबर स्थळाची नोंदही ठेवतो; दुर्मिळ पक्ष्याचें वा वाघाचें चित्र लोकांत पाठवितांना ती नोंद काढून टाकावी, नाहींतर आपलाच छंद शिकाऱ्याचा वाटाड्या होईल. आणि मेळघाट दूर वाटत असेल, तर घराजवळच आरंभ करावा. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा आणल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ थांबून थांबून एकेक चित्र घेऊन टिपली होती. रान दाराशींच असतें, धीर मात्र हवा. मोझरीच्या शिवारांत रोही आहेत, मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणावर हिवाळ्यांत चक्रवाक उतरतात.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें शेवटीं एक वापरलेला पण धड, लहान सेन्सरचा कॅमेरा व हलकें लांब भिंग घेतलें. थोडे पैसे उरले ते त्यानें वडिलांस परत दिले. त्याचें पहिलें चांगलें चित्र वाघाचें नाहीं. पहांटे तुरीच्या धुऱ्यावर मान उंचावून उभा राहिलेला रोह्या, व मागें धुक्यांत त्याचे वडील. त्यांनीं तें चित्र बराच वेळ पाहिलें व विचारलें, "हा रोज येते काय आपल्या वावरात?" मुलगा म्हणाला, "रोज येते, बाबा. आपण पाह्यत नव्हतो."